सर्वांचा होकार येईपर्यंत

२७ एप्रिल २०११. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा या लहानशा गोंड गावात त्या दिवशी केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले होते. त्यांच्या हातून गावाला एक पुस्तक मिळाले. ते होते बांबू जंगलाबाहेर नेण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्यांचे. असे पुस्तक तोवर वनखात्याच्या कपाटातच असायचे. ट्रक भरला तरी साहेबाची सही होईपर्यंत तो जागचा हलत नसे. गावाच्या वतीने गावचे नेते देवाजी तोफा यांनी ते पुस्तक स्वीकारले आणि परवान्यावरची सही ग्रामसभेची झाली.

गरिबी निवारणाचा हिशोब मांडताना निधी किती आला, घरकुले किती झाली, लाभार्थी किती, हे आपण विचारतो. सही कोणाची, हे विचारायचे राहून जाते. मेंढ्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती या सहीमुळे. ती मिळवायला गावाला पंचवीसएक वर्षे लागली, आणि त्यातली बरीचशी वर्षे एकमेकांशी बोलण्यात गेली.

सरकारी कागदावर या गावाचे नाव मेंढा (लेखा) असे लिहितात. लेखा हे शेजारचे गाव आणि ग्रामपंचायत तिथली होती. मेंढ्याची वस्ती शंभर उंबऱ्यांच्या आसपास. गावाभोवती सुमारे अठराशे हेक्टर जंगल आहे आणि त्यात बांबू, मोह, तेंदू, चारोळी, हिरडा, बेहडा असे सगळे आहे. इतके असूनही माणसे गरीब होती. मालकी सरकारची, बांबू तोडण्याचा ठेका कागद कारखान्याला आणि गावकरी आपल्याच जंगलात रोजंदारीवर. घराच्या कुडाला चार बांबू आणायचे तरी मन धास्तावलेले. पैसा नसणे ही गरिबी असतेच. पण दारातल्या वस्तूला हात लावताना चोरासारखे वाटणे ही त्याहून खोल गरिबी आहे आणि कोणत्याही अनुदानाने ती जात नाही.

सुरुवात झाली ती एका लढ्यातून. ऐंशीच्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन मोठी धरणे बांधायचे घाटत होते. आदिवासींची गावे आणि हजारो हेक्टर जंगल बुडणार होते. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि लालश्याम शाह महाराज त्यात अग्रभागी होते. मेंढ्याची माणसेही त्यात उतरली. धरणे मागे पडली. बहुतेक आंदोलने अशा वेळी संपतात. माणसे घरी जातात आणि नेते पुढच्या आंदोलनाकडे वळतात. मेंढ्यातल्या काही जणांना मात्र पुढचा प्रश्न पडला: जंगल वाचले, पण ते आपले आहे का? गावात सरकार कोण?

याच सुमारास मोहन हिराबाई हिरालाल या गावात आले. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून घडलेला हा कार्यकर्ता. त्यांनी आडनाव सोडून आई-वडिलांची नावे लावली होती. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेतर्फे ते एक शोध घेत होते. सगळे निर्णय सर्वांच्या सहमतीने घेणारे गाव कुठे आहे का, किंवा तसे व्हायला तयार असलेले तरी? बाहेरची संस्था साधारणपणे योजना घेऊन गावात येते. मोहनभाई प्रश्न घेऊन आले. पुढे ते गावाचे ‘सहयोगी मित्र’ झाले. हा शब्द त्यांनी जपून वापरला आणि त्याच्या मर्यादाही पाळल्या.

त्या मर्यादा गावातल्या दोन बैठकांकडे पाहिले की कळतात. एक अभ्यासगट, दुसरी ग्रामसभा. अभ्यासगटात कुणीही बसावे. गावातला, बाहेरचा, वकील, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, वनखात्याचा अधिकारी. तिथे माहिती द्यायची, शंका काढायच्या, कायदा वाचायचा, वाद घालायचा. निर्णय मात्र तिथे होत नाही. तो ग्रामसभेत होतो आणि तिथे गावच निर्णय घेते. पाहुणा कितीही विद्वान असला, गावावर त्याचे कितीही उपकार असले, तरी निर्णयात त्याचा वाटा नाही. मला वाटते, या साध्या विभागणीत भागीदारीचे सगळे मर्म आहे. मदत करणाऱ्याचे ज्ञान घ्यायचे आणि त्याचे ओझे घ्यायचे नाही. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी चांगल्या संस्थांचे काम तिथे फसले आहे, कारण जो जाणतो तोच ठरवत गेला. तो गेला आणि कामही गेले.

मध गोळा करण्याचे उदाहरण घ्या. पोळ्याखाली जाळ करून माश्या मारायच्या आणि मग मध काढायचा ही सवयीची रीत. अभ्यासगटात मधमाश्यांविषयी शिकता शिकता माश्या न मारता, पोळ्याचा मधाचा भागच तेवढा कापून घेण्याची पद्धत गावातल्या तरुणांनी आत्मसात केली. पोळे टिकले तर माशी पुन्हा मध भरते. हे त्यांना जाणकाराने दाखवले, पण करायचे हे गावाने ठरवले.

आता सर्वसहमतीबद्दल. मेंढ्यात मतदान होत नाही. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलतात, त्याचे म्हणणे समजून घेतात, पुन्हा बसतात. वेळ लागतो हा आक्षेप खरा आहे. पण शंभर घरांच्या गावात बहुमत म्हणजे काय होते ते पाहा. एकावन्न जिंकतात, एकोणपन्नास हरतात. शहरात हरलेला माणूस गर्दीत मिसळून जातो. गावात त्याचे शेत तुमच्या बांधाला लागून असते, हातपंप एकच असतो, लग्नाच्या पंगतीत तो समोर बसतो. त्याला हरवून केलेला नियम तो पाळणार नाही आणि जंगलाचा नियम एकाने मोडला तरी मोडतो. समजा, ओले लाकूड तोडायचे नाही असे ठरते आहे. मोळी विकून पोट भरणारी बाई तिथे ‘नाही’ म्हणते. बहुमतात तिचे एक मत वाहून जाईल. सहमतीत मात्र तिच्या चुलीचे काय, हा गावाचा प्रश्न होतो आणि तो सुटेपर्यंत नियम होत नाही. सगळ्यांत गरीब माणसाचा ‘नाही’ ऐकायलाच लागावा अशी दुसरी व्यवस्था मला तरी ठाऊक नाही.

अर्थात ‘सगळे’ म्हणजे कोण, हेही ठरवावे लागले. जुन्या गावपंचायतीत पुरुष बसत. ग्रामसभेत बायका आल्या, बोलू लागल्या. गावातल्या दारूचा प्रश्न सहमतीने सोडवायचा तर त्यांच्याशिवाय तो सुटलाच नसता.

या गावाची कसोटी लागली ती घोटुलावरून. घोटुल म्हणजे गोंड तरुणाईच्या एकत्र येण्याची, शिकण्याची, नाचगाण्याची जागा. ही परंपरा मोडत चालली होती. गावाने ठरवून जंगलातले सागवान आणले आणि घोटुल बांधले. विनापरवाना लाकूड म्हणून वनखात्याने ते पाडले आणि लाकूड उचलून नेले. गावाने हाणामारी केली नाही. आसपासच्या गावांना बोलावले, बसून बोलणे झाले आणि घोटुल पुन्हा उभे राहिले, मेंढ्यात आणि इतर गावांतही. घोटुल बांधून कुणाच्या खिशात एक पैसाही आला नव्हता. पण आपण ठरवतो आणि ते उभे राहते, हे गावाने डोळ्यांनी पाहिले. पुढच्या सगळ्या आर्थिक कामाचा पाया मी तिथे मानतो.

नव्वदच्या दशकात संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना आली. ती उजाड झालेल्या जंगलासाठी होती. मेंढ्याचे जंगल चांगले होते. ज्यांनी जंगल राखले त्यांना योजनेबाहेर ठेवायचे, हा न्याय गावाला पटेना. गाव अडून बसले आणि उभ्या जंगलासाठीही ती मिळवली. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला, २००८ मध्ये नियम आले. अभ्यासगटाने तो शब्द न् शब्द वाचला होता. दावा तयार झाला आणि २००९ मध्ये मेंढा आणि जिल्ह्यातलेच मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला. देशात सर्वांत आधी तो मिळवणारी ही दोन गावे.

हक्क मिळाला, तरी बांबू अडलाच. नव्या कायद्यात बांबू गौण वनोपज. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या अर्थाने मात्र तो तेव्हा झाड होता, म्हणजे इमारती लाकूड. वनखाते जुन्या अर्थावर बोट ठेवून परवाना देईना. मार्च २०११ मध्ये जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानायला सांगितले आणि पुढच्याच महिन्यात ते परवाना पुस्तक मेंढ्यात पोहोचले. त्यानंतरच्या पहिल्या हंगामात बांबू विक्रीचा आकडा कोटीच्या घरात गेला.

इथे थोडे थांबायला हवे, कारण वर्तमानपत्रांनी ‘कोट्यधीश गाव’ म्हणून बातमी केली आणि खरी गोष्ट बाजूला राहिली. बांबू तोडणे म्हणजे बेट सपाट करणे नव्हे. कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, राखायचे. पक्के झालेले बांबूच तोडायचे. कापलेल्या भागाला काही वर्षे विसावा द्यायचा. ठेकेदाराला पुढच्या हंगामाचे देणेघेणे नसते, म्हणून तो बाहेरून सोपे पडेल तसे कापत जातो आणि बेट आतून गुदमरते. गावाला पुढच्या वर्षीही तिथेच जायचे असते. कुठला भाग यंदा तोडायचा, मजुरी किती, विक्री कशी, टेंडर कोणाला, ग्रामकोषात किती, हे सगळे ग्रामसभेत ठरू लागले. ग्रामसभेने पॅन कार्ड काढले. गावातली तरुण मुले हिशोबवही लिहू लागली. पाचवी-सातवी शिकलेल्या माणसाने लेखापरीक्षकासमोर बसून आपला खर्च समजावून सांगणे ही मला कोटीच्या आकड्याहून मोठी कमाई वाटते.

२०१३ मध्ये गावाने आणखी एक पाऊल टाकले. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४ चा आहे. त्याखाली ग्रामदानाचा निर्णय घेत शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवली. विनोबांच्या काळातला तो कायदा जवळजवळ सगळे विसरले होते. एका अभ्यासगटाने तो पुन्हा वाचला.

मेंढ्याकडे पाहताना एक शंका नेहमी येते. देवाजी तोफांसारखा माणूस आणि मोहनभाईंसारखा मित्र प्रत्येक गावाला कुठून मिळणार? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मला मेंढ्यात मिळत नाही, उत्तरेकडे कोरची तालुक्यात मिळते.

गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्काचे पट्टे आहेत. यातल्या बहुतेक गावांचे रोख पैशाचे पीक म्हणजे तेंदूपत्ता. मे महिन्यातले ते काही आठवडे जवळून पाहावेत. उजाडायच्या आत घरातली माणसे जंगलात. दहा-अकराला पानांची गाठोडी डोक्यावर घेऊन परत. मग ओसरीत सगळे घर पाने जुळवायला बसते, म्हाताऱ्या आज्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत. सत्तर पानांचा एक पुडा. बोटांना मोजायची इतकी सवय की बोलणे चालू असते आणि सत्तर होताच हात दोरीकडे जातो. संध्याकाळी पुडे फळीवर. फळी म्हणजे संकलनाची जागा. तिथे शेकड्याच्या रांगा लावायच्या, वाळवायच्या, पलटायच्या, पाणी शिंपडून मऊ करायच्या आणि पोत्यात भरायच्या. हजार पुड्यांचे एक प्रमाण पोते, म्हणजे सत्तर हजार पाने. ठेकेदाराचा माणूस फळीवर मोजायचा तेव्हा शेकड्यामागे चार-दोन पुडे वरचे द्यायचे आणि फाटके म्हणून काही बाद व्हायचे. मोजणारा गावातला झाला की ते वरचे पुडे घरच्या मजुरीत धरले जातात.

पण एकटे गाव व्यापाऱ्यासमोर दुबळेच. २०१७ च्या हंगामात पत्त्याचे दर फार चढले, पुढच्या वर्षी कोसळले. काही ठेकेदारांनी पैसे थकवले. पन्नास घरांचे गाव कोणाच्या मागे जाणार? एकट्या गावाच्या या दुबळेपणावर उपाय म्हणून कोरचीतल्या ग्रामसभांनी महाग्रामसभा उभी केली. प्रत्येक ग्रामसभेतून दोन पुरुष आणि दोन स्त्रिया प्रतिनिधी. लिलावाचे बोलणे एकत्र, कराराचा मसुदा एकत्र, गावागावांचे तंटेही तिथेच. कुरखेड्याची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था या भागात आधीची अनेक वर्षे आरोग्य आणि महिला बचत गटांचे काम करत आली होती. त्या गटांतून बोलायला शिकलेल्या बायका महाग्रामसभेत पुढे आल्या. म्हणजे नेता शोधावा लागला नाही. वीस रुपयांच्या मासिक बचतीचा हिशोब ठेवता ठेवता तयार झालेल्या बाईने पुढे तेंदूच्या ठेकेदाराला करारातले कलम विचारले. अशी माणसे तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि कुठल्याही प्रकल्पाचा कालावधी इतका नसतो. देणगीदार आणि सरकार दोघेही इथेच चुकतात असे मला कळकळीने म्हणावेसे वाटते. तीन वर्षांत गाव ‘स्वावलंबी’ करून बाहेर पडायचे, हे वेळापत्रक गावाच्या सोयीचे नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरची जमीन तर मेंढ्याच्या उलट, उजाड टेकडी. तिथेही ‘खोज’ संस्थेच्या साथीने गावाने हक्क मिळवला, झाडे लावली, चराई थांबवली, आणि काही वर्षांत टेकडीवरची सीताफळे मुंबईच्या बाजारात विकली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर बांबूवर भर देऊन तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. पत्त्यासाठी फांद्या छाटतात, आगी लागतात, जंगलाचे नुकसान होते म्हणून. हातातला रोख पैसा एका गरीब गावाने विचार करून सोडला.

पैसा आला की भांडणेही येतात. काही ग्रामसभांत हिशोबावरून गट पडले. काही ठिकाणी दोन-चार शिकलेल्या तरुणांच्या हाती सगळे व्यवहार गेले आणि गाव पुन्हा बघ्याच्या जागी बसले. मोबाईल घेऊन पुण्या-हैदराबादला कामाला जाणाऱ्या मुलाला तासन्‌तास चालणारी सभा कंटाळवाणी वाटते, आणि त्याला दोष देऊन काही होत नाही. मेंढ्यालाही हे चुकलेले नाही. सहमती एकदा मिळवली की कायमची राहत नाही.

म्हणून पावसाळा सरला की सभा बसते. बांबूचा नकाशा मधे पसरलेला असतो. यंदा कोणत्या भागाला विसावा द्यायचा यावर कुणाचे एक म्हणणे, कुणाचे दुसरे. मागे बसलेली एखादी म्हातारी म्हणते की नाल्याकडच्या बेटांत अजून वास्ते कोवळे आहेत, तिकडे हात लावू नका. दोघे-तिघे तिच्याशी वाद घालतात. ती मान हलवत नाही. मग त्या भागाचा निर्णय राहतो, आणि दोन दिवसांनी चार माणसे तिला सोबत घेऊन नाला पाहायला जातात.