सीमेवरील कुंपण, घुसखोर आणि निर्वासित : भारत-बांगलादेश सीमेचा वाद व जुन्या भंडारा जिल्ह्याचा अनुभव

प्रस्तावना :

राष्ट्र-राज्याच्या संकल्पनेत सीमारेषेला अनन्यसाधारण महत्त्व आहे. भूप्रदेश, लोकसंख्या, शासन व सार्वभौमत्व हे राज्याचे चार घटक आपण पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिकवितो. यांपैकी पहिल्या दोन घटकांचा मेळ प्रत्यक्षात सहजासहजी बसत नाही. भूप्रदेश स्थिर असतो, लोक मात्र चालते-फिरते असतात. या विसंगतीतूनच बेकायदेशीर स्थलांतराचा प्रश्न व त्यावर उपाय म्हणून भिंतीची कल्पना जन्मास येते. पूर्व जर्मनीने १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनमध्ये उभारलेली भिंत आपल्या लोकांना बाहेर जाऊ न देण्यासाठी होती. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी ती खुली झाली. त्यानंतर उभारल्या गेलेल्या बहुतेक भिंती मात्र बाहेरच्यांना आत येऊ न देण्यासाठी आहेत. अमेरिकेने २००६ मध्ये कायदा करून मेक्सिकोच्या सीमेवर सुमारे ११०० किलोमीटर कुंपणाला मान्यता दिली. या भिंतीची चर्चा आपल्याकडे बरीच होते. परंतु त्याहून कितीतरी लांब कुंपण भारताने आपल्या पूर्व सीमेवर उभारले आहे, याकडे अभ्यासकांचेही पुरेसे लक्ष जात नाही.

सीमेपासून इतक्या दूर असलेल्या भंडाऱ्यातील प्राध्यापकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात येईल.

लेखाची उद्दिष्टे :

१) भारत-बांगलादेश सीमेवरील कुंपणाची पार्श्वभूमी व स्वरूप स्पष्ट करणे.
२) निर्वासित, स्थलांतरित व बेकायदेशीर स्थलांतरित या संकल्पनांमधील भेद मांडणे.
३) जुन्या भंडारा जिल्ह्यातील वसाहतींच्या आधारे या वादाचा पुनर्विचार करणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून विवेचनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

कुंपणाची पार्श्वभूमी :

१७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झालेल्या रॅडक्लिफ निवाड्याने बंगालची विभागणी केली. ही रेषा शेते, नद्या, बाजार आणि क्वचित घरांमधूनही गेली. आरंभी लोकांची ये-जा बऱ्यापैकी मोकळी होती. भारत व पूर्व पाकिस्तान यांच्या दरम्यान पारपत्राची पद्धत ऑक्टोबर १९५२ मध्ये लागू झाली. म्हणजेच जी ये-जा कालपर्यंत नित्याची होती, ती एका दिवसात कागदावर अवलंबून राहिली. १९७१ च्या मुक्तिसंग्रामात सुमारे एक कोटी लोक भारतात आले. युद्धानंतर त्यांतील बहुसंख्य परतले, पण सर्व नव्हे.

आसाममधील १९७९ ते १९८५ या काळातील आंदोलनाने हा प्रश्न राष्ट्रीय पटलावर आणला. १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम करारात २५ मार्च १९७१ ही निर्णायक तारीख ठरली आणि सीमेवर भिंत, काटेरी तार आदी अडथळे उभारण्याचे आश्वासन देण्यात आले. आजच्या कुंपणाचे मूळ या आश्वासनात आहे.

ही सीमा ४०९६.७ किलोमीटर लांब असून ती पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, त्रिपुरा व मिझोराम या पाच राज्यांना लागून आहे. एकट्या पश्चिम बंगालच्या वाट्याला २२१६.७ किलोमीटर येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार सुमारे ३२३२ किलोमीटरवर कुंपण पूर्ण झाले होते. उरलेल्या सुमारे ८६४ किलोमीटरपैकी सुमारे १७४ किलोमीटर भागात नदीपात्र, दलदल व दरडींमुळे कुंपण घालणेच शक्य नाही.

येथे एक तांत्रिक बाब समजून घेणे आवश्यक आहे. १९७५ मध्ये उभय देशांच्या सीमा-अधिकाऱ्यांसाठी ठरलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्य रेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणात्मक बांधकाम करता येत नाही. परिणामी कुंपण प्रत्यक्ष सीमेवर नसून भारतीय हद्दीत आत आहे. कुंपण आणि सीमा यांच्यामधील जमीन भारताची, कसणारा शेतकरी भारताचा, परंतु शेतावर जाण्यासाठी त्याला ओळखपत्र दाखवून ठराविक वेळी उघडणाऱ्या फाटकातून जावे लागते. घुसखोरास रोखण्यासाठी घातलेल्या तारेचा काच पहिल्यांदा असा आपल्याच नागरिकाला बसतो.

वादाच्या दोन बाजू :

कुंपणाच्या समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. आपल्या प्रदेशात कोणी यावे हे ठरविणे हा सार्वभौमत्वाचा गाभा आहे. सीमेवरून माणसांबरोबर गुरे, बनावट चलन व अमली पदार्थ यांचीही वाहतूक होते. स्थानिकांच्या जमिनी, रोजगार व भाषिक ओळख यांवर ताण येतो, ही आसाममधील तक्रार केवळ भावनिक नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलै २००५ रोजी सर्वानंद सोनोवाल प्रकरणात १९८३ चा बेकायदेशीर स्थलांतरितांविषयीचा न्यायाधिकरण कायदा रद्द ठरविताना या स्थलांतराचा संबंध संविधानाच्या अनुच्छेद ३५५ मधील बाह्य आक्रमणाशी जोडला.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. ७ जानेवारी २०११ रोजी कुंपण ओलांडताना एक पंधरा वर्षांची बांगलादेशी मुलगी गोळी लागून मृत्युमुखी पडली व तिचा देह काही तास तारेवर लटकत राहिला. या घटनेने दोन्ही देशांत संताप व्यक्त झाला. शिवाय कुंपण येणाऱ्याला अडविते, परंतु येण्याची कारणे दूर करीत नाही. दारिद्र्य, नद्यांची धूप आणि शहरांतील स्वस्त मजुरांची मागणी ही कारणे तारेच्या दोन्ही बाजूंना आहेत.

आकडेवारीची अवस्था तर अधिकच संभ्रमाची आहे. २००४ मध्ये संसदेत ही संख्या सुमारे १ कोटी २० लाख सांगण्यात आली व लगेच ती विश्वसनीय नसल्याचा खुलासाही झाला. २०१६ मध्ये हीच संख्या सुमारे २ कोटी सांगितली गेली. याउलट आसाममधील राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतून ३१ ऑगस्ट २०१९ रोजी १९,०६,६५७ अर्जदार वगळले गेले. ही यादी कोणत्याच पक्षाला समाधानकारक वाटली नाही. मोजमापच अनिश्चित असताना धोरण निश्चित कसे होणार, हा खरा प्रश्न आहे.

संकल्पनांचा गोंधळ :

भारताने १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेला नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ मध्ये 'बेकायदेशीर स्थलांतरित' ही व्याख्या २००३ च्या दुरुस्तीने आली. वैध कागदपत्रांविना प्रवेश केलेला किंवा मुदतीपलीकडे राहिलेला परकीय म्हणजे बेकायदेशीर स्थलांतरित होय. तो का आला, या प्रश्नाला या व्याख्येत स्थान नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतील सहा धर्मसमुदायांच्या ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या व्यक्तींना या व्याख्येतून वगळले. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये अधिसूचित झाले. धर्म हा निकष असावा काय, याविषयीचा वाद सर्वज्ञात आहे.

आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या परकीय नागरिक अधिनियमाने संबंधित व्यक्तीवरच टाकला होता. त्याची जागा घेणाऱ्या व १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्यातही तो तसाच आहे. तथापि, कोणालाही उचलून 'नागरिकत्व सिद्ध कर' असे म्हणता येणार नाही, संशयाला प्राथमिक आधार हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

महाराष्ट्राचा संदर्भ :

महाराष्ट्राला परकीय देशाची भूसीमा नाही, तरीही हा वाद येथे जुना आहे. जुलै १९९८ मध्ये मुंबईतील काही बंगाली भाषक जरी-कारागिरांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने सीमेकडे नेले जात असता पश्चिम बंगालमधील उलुबेडिया येथे जमावाने गाडी अडविली. हे लोक आपल्याच राज्यातील आहेत, असे तेथील नेत्यांचे म्हणणे होते. सत्तावीस वर्षांनी, जून २०२५ मध्ये, मुंबई परिसरात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेले व नागरिकत्वाची खातरजमा झाल्यावर परत आणावे लागले. बांगला ही भाषा आहे आणि बांगलादेश हा देश आहे, हा साधा भेद दोन्ही वेळा विसरला गेला.

जुन्या भंडारा जिल्ह्याचा अनुभव :

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत अर्जुनी मोरगाव तालुका भंडारा जिल्ह्यात होता. या एकाच तालुक्यात सीमा ओलांडून आलेल्या दोन समुदायांच्या वसाहती आहेत. पहिली तिबेटी लोकांची. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आल्यानंतर आलेल्या तिबेटींपैकी काही कुटुंबांची वसाहत १९७२ मध्ये प्रतापगड-गोठणगाव परिसरात, इटियाडोह धरणाच्या सान्निध्यात वसविण्यात आली. नॉर्ग्येलिंग हे तिचे नाव. जिल्हा बदलून पाव शतक उलटले, तरी तिबेटींच्या व्यवहारात ती आजही भंडाऱ्याची वसाहत म्हणूनच ओळखली जाते. दुसरा समुदाय पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांचा. अरुणनगर, गौरनगर ही त्यांची गावे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतही अशी अनेक गावे आहेत.

या दोन्ही समुदायांतील अनेकांनी सीमा ओलांडली तेव्हा त्यांच्या हाती पारपत्र नव्हते. आजच्या व्याख्येची फूटपट्टी लावली तर त्यांतील कित्येक 'बेकायदेशीर' ठरले असते. शासनाने त्यांना निर्वासित म्हणून स्वीकारले, जमीन दिली, म्हणून ते तसे ठरले नाहीत. याचा अर्थ असा की, घुसखोर व निर्वासित हा भेद सीमेवरची तार ठरवीत नाही. तो राज्यसंस्थेचा निर्णय ठरवितो.

अर्थात स्वीकारानेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. तिबेटी व्यक्तीला नोंदणी प्रमाणपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने नागरिक ठरतात, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये सांगितले. त्यानंतर जन्मलेली पिढी मात्र, पालकांपैकी कोणी नागरिक नसल्यास, आपल्याच मातीत जन्मूनही परकीय राहते. बंगाली समुदायातील नमःशूद्रांना पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दर्जा आहे, महाराष्ट्राच्या यादीत तो नाही. परिणामी ज्या आजोबांना जातीमुळे गावकुसाबाहेर राहावे लागले, त्यांच्या नातवाला महाविद्यालयात प्रवेश घेताना त्या जातीचे प्रमाणपत्र मिळत नाही.

हा विषय आपल्या दाराशी येतो तो येथे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने विलंबित जन्म-मृत्यू नोंदणीस स्थगिती देऊन चौकशीसाठी विशेष पथक नेमले. बनावट दाखल्यांचा शोध घेणे आवश्यकच आहे. परंतु घरी बाळंत झालेल्या, वेळेत नोंद न केलेल्या ग्रामीण कुटुंबांची संख्या विदर्भात कमी नाही. भटके, आदिवासी व भूमिहीन मजूर यांच्याकडे जुना कागद नसणे हा घुसखोरीचा पुरावा नव्हे, तर उपेक्षेचा पुरावा होय. कागदाची ही भिंत दिसत नाही, मात्र ती प्रवेश अर्जाच्या खिडकीपाशी उभी असते.

निष्कर्ष :

१) सीमेचे रक्षण हा राज्याचा अधिकार व कर्तव्य आहे. कुंपण हे त्याचे एक साधन आहे, संपूर्ण उत्तर नव्हे.
२) निर्वासितांविषयी स्वतंत्र, धर्मनिरपेक्ष निकषांवर आधारित कायदा नसल्याने प्रत्येक समुदायाचे भवितव्य तत्कालीन राजकारणावर अवलंबून राहते.
३) भाषा, पेहराव वा धर्म यांवरून परकीयत्व ठरविल्यास आपलेच नागरिक सीमेपार लोटले जातात. निर्णयापूर्वी मूळ राज्याकडून पडताळणी अनिवार्य असावी.
४) नॉर्ग्येलिंग व अरुणनगरसारख्या वसाहतींचा मौखिक इतिहास नोंदविणारी पहिली पिढी झपाट्याने काळाच्या पडद्याआड जात आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, राज्यशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी हे काम प्रकल्प म्हणून हाती घ्यावे.

'बंगाली म्हणजे बांगलादेशीच ना?' असे वर्गात एखादा विद्यार्थी सहज म्हणून जातो. त्याच्या मनात द्वेष नसतो, माहितीचा अभाव असतो. आणि त्याच वर्गात मागच्या बाकावर अर्जुनी मोरगावहून आलेला एखादा विद्यार्थी मान खाली घालून बसलेला असू शकतो. त्या दोघांमधील अंतर कमी करणे कोणत्याही सीमा दलाचे काम नाही. ते शिक्षकाचे काम आहे.