बेसवादकाला जुनंच का हवं?

बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर २००२मध्ये रॉजर वॉटर्स वाजवून गेला, २००७मध्ये आयर्न मेडन. वॉटर्स आणि मेडनचा म्होरक्या स्टीव्ह हॅरिस, दोघेही बेसवादक. दोघांच्या गळ्यात वर्षानुवर्षं एकच वाद्य, १९५१ साली बाजारात आलेला फेंडर प्रिसिजन. इथला एखादा बेसवादक जुन्या तबकड्या आणि जुनी वाद्यं धुंडाळतो, त्याला स्मरणरंजन म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. तो कानाचा रियाज आहे. कसा, ते तबकडीपासून पाहू. तबकडीला खर्ज फारसा सोसत नाही. जास्त झाला की खाच रुंदावते, डाव्या-उजव्या बाजूंना विखुरला तर सुई उडू शकते. म्हणून तबकडी कापताना खर्ज मध्यभागी ठेवतात आणि त्याची पातळी उतरवतात. वाजताना अँप्लिफायर ती पुन्हा चढवतो.

मग डिजिटलच सरस, असं कुणी म्हणेल. खर्जाच्या खोलीपुरतं ते खरंच आहे. पण तबकडीच्या याच मर्यादेत त्या काळच्या वादकांनी बेसची सुरावट बोलकी केली. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सनचं उदाहरण घ्या: १९६२चा प्रिसिजन, सपाट वेटोळ्याच्या जुनाट तारा, घोडीच्या झाकणाखाली फोमचा तुकडा आणि छेडायला एकच बोट. स्वर दणकन उमटतो आणि लगेच थांबतो, पुढच्याला जागा देतो. राहिला किमतीचा प्रश्न. जुन्या वाद्यासाठी मोजलेल्या पैशांत दुर्मीळपणाचा वाटा मोठा असतो. बेताच्या किमतीच्या नव्या बेसवर तशा तारा आणि फोम चढवला, तरी त्या आवाजाच्या पुष्कळ जवळ जाता येतं.