बुंध्यापाशी मुरणारं पाणी

मृगाची पहिली जोरदार सर. आंबोलीच्या जंगलात नाण्याच्या झाडाला तळहात टेकवून उभा होतो. साल गुळगुळीत, पांढुरकी, पापुद्रे सुटलेली. बघता बघता पाणी बोटांना अडलं आणि मनगटावरून कोपरापर्यंत धार लागली. शेजारच्या ऐनाला हात लावला, तर नुसता ओलावा. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली ती साल आधी स्वतः पोटभर पिते. खोड वाहायला लागतं ते मागाहून.

रबरी नळी उभी चिरून दोन्ही खोडांभोवती तिरपी गुंडाळली होती, फटी बुजवून खालचं टोक कॅनमध्ये सोडलं होतं. नाण्याचा कॅन भरून सांडू लागला, तेव्हा ऐनाच्या कॅनचा तळही झाकला नव्हता. सालीइतकंच फांद्यांचंही महत्त्व: उभट फांद्या पाणी खोडाकडे आणतात, आडव्या फांद्यांवरून ते वाटेतच ठिबकतं.

बऱ्याच जंगलांत खोडावरून उतरणारं पाणी एकूण पावसाच्या शेकडा पाचही भरत नाही. पण ते सगळं बुंध्यालगतच्या वीतभर जागेत येतं, आणि येताना पानांवरची धूळ, सालीतले क्षार घेऊन येतं. म्हणून बुंध्याशी पांढरा फेस साचतो. साबणाचं पाणी कुणी ओतलं, असं वाटावं इतका.

एवढं पाणी एका जागी पडूनही तिथे ओघळ का पडत नाही, हे मला बघायचं होतं. पालापाचोळा बाजूला सारून एका जाड मुळाच्या कडेने हाताने माती उकरली. मुळाला चिकटलेली माती काळी, ओलीगच्च. कोपरभर हात आत गेला तरी ओलच. चार बोटं बाजूची माती मात्र अजून उन्हाळ्यातली, भुरभुरीत. मूळ आणि माती यांच्यामधली बारीक फट, कुजून गेलेल्या जुन्या मुळांची बिळं, गांडुळांच्या वाटा यांतून पाणी थेट खोल उतरत होतं. शास्त्रज्ञ खोडावर निळं पाणी सोडून मग माती खणतात, तेव्हा मुळांच्या कडेने अशाच निळ्या रेघा दिसतात.

झाडाभोवती सिमेंटचा पार बांधताना नेमकी हीच वीतभर जागा बुजते. गावोगावच्या वडा-पिंपळांच्या बुंध्याला घट्ट भिडवलेली फरशी पाहिली, की माझा जीव कासावीस होतो.

उकरलेली माती परत लोटली, वर पाचोळा पसरला. सर अजून चालू होती. फेसाचा एक गोळा मुळाच्या बेचक्यात फिरत राहिला, लहान होत गेला, आणि खालून पाणी ओढलं जात असल्याचा बारीक आवाज येत राहिला.