फोटो खराब, की कॅमेरा खराब?

नवा कॅमेरा घरी किंवा हॉस्टेलवर आला की पहिल्या संध्याकाळी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बॅटरी पुरती चार्जही झालेली नसते, तोच फोटोसेशन सुरू. पंखा, खिडकीबाहेरचं झाड, झोपलेला रूममेट, मेसचं ताट. मग सगळी गँग लॅपटॉपभोवती जमते, कोणीतरी फोटो जास्तीत जास्त झूम करतो आणि निकाल लागतो, "अरे, दाणे दाणे दिसतायत! गंडवलं तुला दुकानदाराने." नाहीतर एकदम उलटं, "सॉलिड आहे, बघायची गरजच नाही."

मित्रांनो, हे दोन्ही निकाल पुराव्याशिवाय दिलेले असतात आणि दोन्ही महागात पडू शकतात. वस्तू बदलून देण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. चांगला कॅमेरा उगाच परत केलात, तर त्याच्या जागी येणाराही तस्साच फोटो काढणार. आणि लेन्समध्ये खरोखर दोष असून लक्षात आला नाही, तर तो कळणार कधी? ताईच्या लग्नाचे ग्रुप फोटो मोठे करून बघताना! टोकाला उभ्या असलेल्या आजीचा चेहरा प्रत्येक फोटोत पुसट. तोवर मुदत संपलेली, आणि तो ग्रुप काही पुन्हा तसा उभा राहात नाही.

म्हणजे खरा प्रश्न "फोटो कसा आलाय?" हा नाहीच. "खराब आला असेल तर कोणामुळे?" हा आहे. संशयित बरेच आहेत : हात, फोकस, प्रकाश, लेन्स, सेन्सर आणि कॅमेऱ्यातलं प्रोसेसिंग. यातला गुन्हेगार शोधायची पद्धत आपण फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमध्येच शिकलोय. एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचा, बाकी सगळे स्थिर.

आधी मेगापिक्सेलचं भूत उतरवू

१९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा त्याचं चित्र होतं १०० × १०० पिक्सेलचं, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल. तिथून २४ मेगापिक्सेलपर्यंत येणं ही मोठीच प्रगती. पण हा आकडा क्षेत्रफळाचा आहे, हे आपण विसरतो. १२ वरून २४ वर गेलात तर लांबी-रुंदी वाढते फक्त √२ पट, म्हणजे साधारण १.४ पट. बारकावे खरोखर दुप्पट हवे असतील तर पिक्सेल चौपट लागतात.

शिवाय लागतात किती? फुल एचडी स्क्रीन म्हणजे १९२० × १०८०, साधारण २ मेगापिक्सेल. ए-४ आकाराची ३०० डीपीआयची उत्तम प्रिंट म्हणजे २४८० × ३५०८, ९ मेगापिक्सेलच्या आतच. त्यामुळे बॉक्सवरचा आकडा बघून क्वालिटी ठरवणं म्हणजे जर्नलची पानं मोजून मार्क देणं. (आपल्याकडे देतात, ती गोष्ट वेगळी.)

१०० टक्के झूम म्हणजे काय?

२४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० पिक्सेल रुंद फोटो साडेपंधरा इंची फुल एचडी लॅपटॉपवर १०० टक्के झूम केला, तर पूर्ण चित्र साधारण साडेतीन फूट रुंद होईल. म्हणजे तुम्ही साडेतीन फुटी पोस्टर एक हाताच्या अंतरावरून न्याहाळताय! थोडा मऊपणा आणि थोडे दाणे तिथे दिसणारच.

याला आणखी एक कारण आहे. बहुतेक सेन्सरवर बायर फिल्टर असतो. कोडॅकच्याच ब्राइस बायर यांच्या नावावर त्याचं १९७६ सालचं पेटंट आहे. यात निम्मे पिक्सेल फक्त हिरवा रंग मोजतात, पाव लाल आणि पाव निळा. प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजेच चित्रातली दोन-तृतीयांश रंगमाहिती हिशेबाने आलेली असते. तेव्हा १०० टक्के झूम दोष शोधायला जरूर वापरा, पण क्वालिटी ठरवायला फोटो ज्या आकारात वापरणार त्याच आकारात बघा.

पेपर भिंतीवर, कॅमेरा पुस्तकांवर

आता प्रयोग. वर्तमानपत्राचं पूर्ण उघडलेलं पान भिंतीवर सपाट चिकटवा. दिवसाउजेडी, पानावर सगळीकडे सारखा प्रकाश हवा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. नसेल तर टेबलावर पुस्तकांची चळत रचा, रेफरन्स बुकं शेवटी कामाला येतील. आयएसओ सर्वांत कमी, फोकस मधल्या मजकुरावर, आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का फोटोत येत नाही. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून एक फोटो, एफ/८ ला दुसरा.

एफ/१६ किंवा एफ/२२ ला लेन्सची परीक्षा घेऊ नका. भोक लहान झालं की डिफ्रॅक्शनमुळे प्रकाशाचा बिंदू पसरतो. एफ/१६ ला हिरव्या प्रकाशाच्या त्या ठिपक्याचा व्यास साधारण २१ मायक्रॉन होतो आणि २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा पिक्सेल असतो जेमतेम ४ मायक्रॉनचा. तिथे जगातली कुठलीही लेन्स मऊच दिसेल.

आता फोटो वाचूया.

• सगळी अक्षरं एकाच दिशेने ओढल्यासारखी : हात किंवा टेबल हललंय. हातात धरून फोटो काढताना शटरचा वेग फोकल लेंथच्या व्यस्ताइतका तरी ठेवा. ५० मिमी लेन्स असेल तर १/५० सेकंद, आणि एपीएस-सी सेन्सरवर १/८० च्या आसपास.

• मधला मजकूरच पुसट : फोकस चुकलाय. लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून मॅन्युअल फोकसने पुन्हा काढा. तेव्हा स्पष्ट आला तर लेन्सची काच निर्दोष, तपासायचा तो ऑटोफोकस.

• मध्य स्पष्ट, चारही कोपरे सारखेच थोडे मऊ आणि काळपट : बहुतेक लेन्सचा हा स्वभाव आहे. एफ/८ ला सुधारणा दिसेल.

• एकच कोपरा किंवा एकच बाजू पुसट, बाकी ठीक : इथे कान टवकारा. लेन्सच्या आतली एखादी काच अक्षावरून सरकलेली असू शकते.

पण थांबा, कॅमेरा भिंतीला समांतर नसेल तरीही एक बाजू पुसट येते. मग ओळखायचं कसं? कॅमेरा उलटा करा, म्हणजे तळ वर आणि डोकं खाली. तीच जागा, तीच दिशा, पुन्हा मध्यावर फोकस, आणि फोटो घ्या. आता जर पेपरवरचा तोच मजकूर पुसट आला, तर दोष मांडणीचा. पण पुसटपणा कॅमेऱ्याबरोबर फिरून पेपरच्या समोरच्या कोपऱ्यात गेला, तर दोष लेन्सचा. आजीचा चेहरा पुसणारी लेन्स ती हीच!

दाणे येतात कुठून?

रात्रीच्या फोटोत दिसणारे दाणे, म्हणजे नॉइज, हा पुष्कळदा सेन्सरचा नव्हे तर प्रकाशाचाच गुण असतो. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एका पिक्सेलवर सरासरी N फोटॉन पडत असतील तर चढउतार √N इतका. १०,००० फोटॉन असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. पण १०० च फोटॉन असतील तर १० चा, म्हणजे १० टक्के! आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. ॲम्प्लिफायरचा गेन वाढवावा तसं सिग्नल आणि नॉइज दोन्ही वाढतात. आयएसओ १०० ऐवजी ६४०० वापरला, तर त्याच उजळपणासाठी सेन्सरला १/६४ प्रकाश मिळतो आणि सिग्नल-टू-नॉइज रेशो आठ पट घसरतो.

म्हणूनच सेन्सरचा आकार महत्त्वाचा. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा नेहमीचा सेन्सर जेमतेम २८ चौरस मिमीचा. तीस पट फरक! पाऊस तोच, पण एकाकडे घंगाळ आणि दुसऱ्याकडे वाटी.

दोन कॅमेऱ्यांची तुलना करायची तर तेच दृश्य, तोच शटर, तेच ॲपर्चर ठेवा आणि दोन्ही फोटो एकाच आकाराला आणून बघा. चार पिक्सेलची सरासरी घेतली की नॉइज निम्मा होतो. त्यामुळे जास्त मेगापिक्सेलवाल्याला १०० टक्के झूमवर नापास करणं अन्यायाचं आहे.

ट्यूबलाइट आणि मोबाइल

हॉस्टेलच्या खोलीत एकामागून एक काढलेले फोटो एक पिवळट, एक काळपट, एक बरा असे येतात? कॅमेऱ्याला शिव्या देऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. १/५०० सेकंदाचा शटर त्यातला एखादाच क्षण पकडतो. शटर १/१०० किंवा १/५० करा. फरक गायब झाला तर दोषी ट्यूबलाइट.

दुसरी तक्रार, "माझ्या मोबाइलचा फोटो याच्यापेक्षा भारी दिसतो." दिसू शकतो. आजचे मोबाइल एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतात आणि अंधारे भाग उजळतात. कॅमेऱ्याचा जेपेग साधारणपणे एकाच फ्रेमचा असतो. त्यात नॉइज रिडक्शन जास्त ठेवलं असेल तर केस आणि गवत वॉटरकलरने रंगवल्यासारखे दिसतात. सेन्सर तपासायचा तर रॉ फाइल बघा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. रॉमध्ये केस स्पष्ट आहेत आणि जेपेगमध्ये पुसट, तर सेटिंग बदला, कॅमेरा नको.

शेवटच्या दोन चाचण्या

लेन्सला झाकण लावून १/६० सेकंदाचे दोन-तीन फोटो घ्या. काळ्या चित्रात त्याच जागी ठळक रंगीत ठिपका दिसला तर तो हॉट पिक्सेल. लांब एक्स्पोजरमध्ये असे थोडे ठिपके येणं नॉर्मल, पण नेहमीच्या वेगाला नव्याकोऱ्या कॅमेऱ्यात ते नकोत. मग एफ/१६ ला फोकस बिघडवून मोकळ्या आकाशाचे दोन फोटो घ्या, सूर्य मात्र फ्रेमपासून लांब ठेवा. दोन्हींत त्याच जागी करडे डाग म्हणजे सेन्सरवर धूळ. ती साफ होते, घाबरू नका.

हे सगळं एका दुपारचं काम आहे. कॅमेरा आल्यापासून दोन दिवसांत उरका आणि फाइल्स बिलाबरोबर जपून ठेवा. "फोटो चांगले येत नाहीत हो," म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला "सेटिंग बघा साहेब," म्हणून वाटेला लावणं सोपं असतं. "कॅमेरा सरळ धरला काय, उलटा धरला काय, फ्रेमचा वरचा उजवा कोपराच पुसट येतो, हे दोन्ही फोटो बघा," म्हणणाऱ्याला वाटेला लावणं तेवढं सोपं नाही. आणि सगळ्या चाचण्यांत कॅमेरा पास झाला, तर भिंतीवरचा पेपर काढा आणि ताईच्या लग्नाला निघा.