नव्या खोंडाची पहिली शर्यत

अंबरनाथ-बदलापूरकडच्या गावांत छकड्याची शर्यत लागली की लोक निशाणाकडे पाहतात. आम्ही नव्या खोंडाच्या कानांकडे पाहतो. पळण्याला तो भीत नाही. भितो ताशांना, शिट्ट्यांना, परक्या बैलांना. म्हणून पहिल्या खेपेस त्याला जुंपूच नये. (मालकाचा हिरमोड होईल, होवो!) मैदानाच्या कडेला दाव्याने बांधून वैरण टाकावी. गलबल्यात तो रवंथ करू लागला, म्हणजे भीती गेली असे समजावे. पुढे जुंपायचा तो जाणत्या बैलाच्या जोडीला. कारखान्यात नवा उमेदवार जुन्या कारागिराशेजारीच उभा करतात ना? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या या शर्यतींना २०२३च्या निकालाने मान्यता मिळाली, छळाला नव्हे. पराणी टोचलेला खोंड एकदा धावेल, पण पुढच्या वेळी जू दिसताच मागे सरेल.