बिबड्यांचे नाव आणि शोधयंत्राची अनुक्रमणी

आखाजी जवळ आली की जामनेरच्या गच्च्यांवर पाय ठेवावयास जागा उरत नाही. ओल्या धोतरांवर आणि जुन्या लुगड्यांवर बिबडे थापलेले असतात, शेजारी गव्हाच्या चिकाच्या कुरडया वाळत पडलेल्या असतात आणि राखणीला काठी घेऊन एखादे नातवंड बसलेले असते. पंचांगात जिला अक्षय्य तृतीया म्हटले आहे, तीच आमच्या खानदेशाची आखाजी. पितरांसाठी घागर भरावयाची, खापरावरचे मांडे करावयाचे, झोके बांधावयाचे आणि माहेरी आलेल्या लेकीला परतताना वाळवणाचा डबा द्यावयाचा, ही येथील रीत आहे. या वर्षी त्या डब्याविषयीच चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या सूनबाईने आळीतील चौघींना हाताशी धरून वाळवणाचे ऑनलाइन दुकान मांडले. जिन्नस अस्सल, ज्वारी तीन दिवस भिजविलेली, जिरे-तीळ-लसूण निवडून घातलेले. तरी मागणी येईना. गतवर्षी पुण्याच्या आमच्या भाचीला आखाजीस येणे जमले नाही. आमच्या दुकानाची तिला वार्ता नव्हती. तिने मोबाइलवर ‘ज्वारीचे पापड’ असे लिहून शोध घेतला, जे दिसले ते मागविले आणि सणाच्या दिवशी कौतुकाने फोन केला, “मामा, अगदी आपल्या घरच्यासारखे लागतात हो!” ते बिबडे दुसऱ्याच जिल्ह्यातले होते. सूनबाई काही बोलली नाही. पण त्या रात्री ती जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानाचे ते पान उघडून वाचले. मथळा होता, ‘माहेरची माया, विशेष पुडा क्रमांक ३’. खाली चार ओळींची कविता. ‘ज्वारी’ हा शब्द संपूर्ण पानावर कोठेही नव्हता, ‘पापड’ नव्हता, ‘खानदेश’ नव्हता. वाचकहो, सांगावयास संकोच वाटतो, ते नाव आणि ती कविता आमचीच होती.

शोधयंत्र म्हणजे काय, हे आम्हांस तेव्हा कळू लागले. पुष्कळांची समजूत अशी की, आपण शब्द टाकला की ते यंत्र त्या क्षणी जगभर धावत सुटते. तसे नाही. त्याचे दूत आधीच एका पानावरून दुसऱ्या पानावर, दुव्यामागून दुवा धरून हिंडत असतात आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची रचून ठेवतात. आपण विचारतो तेव्हा ते केवळ ती सूची पाहते. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचे आरंभीचे शब्द, ऋक्संख्या, ऋषी, देवता आणि छंद नोंदलेले आहेत. तिच्या आधारे अभ्यासकास हवे ते सूक्त नेमके सापडते. जे अनुक्रमणीत नाही, ते शोधणाऱ्याच्या दृष्टीने नाहीच. आमच्या पानावर ज्वारीचे नावच नव्हते, मग ज्वारी शोधणाऱ्यापुढे ते यावे कसे?

एका वस्तूला नावे अनेक, ही गोष्ट तर आम्ही जन्मभर शिकवीत आलो. वैदिक निघंटूत एकट्या पृथ्वीची २१ नावे दिली आहेत. अमरकोश सारा नामांचाच संग्रह. मग आमच्या बिबड्यांचे काय? आपण म्हणतो बिबडे, शेजारच्या विदर्भात बिबड्या, पुणेकर म्हणतात ज्वारीचे पापड. आणि मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहिणारे ‘कुरडई’ तीन-चार तऱ्हांनी लिहितात. यंत्राला समानार्थ काही अंशी उमगतात. पण प्रांतिक शब्दांच्या बाबतीत त्यावर विसंबून चालत नाही.

मध्यंतरी एका शहरातून एक गृहस्थ आले. दोन महिन्यांत पहिला क्रमांक मिळवून देतो म्हणाले. पैसे घेतले आणि पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत ‘ज्वारी पापड’ हे शब्द शेकडो वेळा लिहून ठेवले. वाचणाऱ्यास न दिसणारी ही अक्षरे यंत्रास मात्र दिसतात आणि गूगलच्या नियमांत तो सरळ अपराध आहे. पानाच्या पोटात शब्दांची यादी दडविण्याची जुनी युक्तीही त्यांनी केली होती. ती यादी क्रमवारीसाठी आपण विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्येच सांगून टाकले आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हेही तीच कंपनी सांगते. पैसे गेले, आणि पान पूर्वी पाचव्या-सहाव्या पडद्यावर दिसत असे तेही दिसेनासे झाले.

मग सूनबाईने स्वतःच हात घातला. ती छुपी अक्षरे पुसली. प्रत्येक जिनसाला स्वतंत्र पान दिले. मथळा केला ‘खानदेशी बिबडे, ज्वारीचे पापड, अर्धा किलो’. खाली साध्या भाषेत लिहिले: कशापासून केले, कसे वाळविले, किती दिवस टिकतात. छायाचित्राला कॅमेऱ्याचा आकडा होता, तेथे चित्राचे वर्णन घातले. किंमत, वजन आणि शिल्लक यंत्राला वेगळी कळावी म्हणून एक ठरावीक मांडणी असते. प्रमुख शोधयंत्रांनी ती २०११ मध्ये मिळून ठरविली. भाचीने पुण्याहून ती बसवून दिली. ‘खानदेशी’ हा शब्द मात्र आमच्या आग्रहाने राहिला. जळगावच्या केळ्याला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव हीसुद्धा मालाची ओळखच असते.

एक चूक पूर्वी दरवर्षी होत असे. वाळवण संपले की पान काढून टाकावयाचे आणि पुढल्या चैत्रात नवे करावयाचे. यंत्र एखाद्या पानाचे मोल ठरविताना त्याच्याकडे कोण बोट दाखविते तेही पाहते. गूगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये जी रीत मांडली तिचा पायाच तो. पत्ता मोडला की ती सारी बोटे शून्यात रोखलेली राहतात. आता माल संपला तर ‘शिल्लक नाही, आखाजीपूर्वी पुन्हा मिळेल’ एवढेच लिहितो, पत्ता तोच. शिवाय नोंद होण्यास कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे लागतात, म्हणून पाने फाल्गुनातच सज्ज करतो.

या चैत्रात भाचीने पुण्यातून पुन्हा तेच शब्द लिहून पाहिले. आमचे पान आले. पण आधी दुसरे एक होते. आम्ही तिघांनी ते बारकाईने वाचले. बिबडे तळण्याआधी तेल किती तापवावे, हे त्यात लिहिले होते, आमच्यात नव्हते. सूनबाईने कढई चुलीवर ठेवली, दोन बिबडे तळून पाहिले आणि मग ते लिहावयास बसली.