सीटीजी मशीन: बाळाच्या ठोक्यांचा आलेख काय सांगतो आणि काय नाही?

दोन वर्षांपूर्वी ताईची डिलिव्हरी झाली. रात्री अडीचला डॉक्टरांनी दाजींना मशीनमधून आलेली कागदाची पट्टी दाखवली. "कळ आली की बाळाचे ठोके खाली जातायत. आता थांबणं मला बरोबर वाटत नाही, सिझर करूया." दाजींनी सही केली. भाची जन्मताच खणखणीत रडली.

आणि तिथूनच ताईचा प्रश्न सुरू झाला. "बाळ एवढं ठणठणीत होतं, तर मग पोट कापायची गरज होती का?" नातेवाइकांनी तर "पैशासाठी केलं" असा निकालच देऊन टाकला. मी रोज सर्व्हरचे आलेख बघतो, म्हणून ताईनं त्या पट्टीचा फोटो माझ्यापुढे धरला. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तो वाचायच्या फंदात पडलो नाही. पण हे मशीन चालतं कसं, ते मात्र नीट समजून घेतलं.

मशीन नेमकं काय मोजतं?

सीटीजी म्हणजे कार्डिओटोकोग्राफी. आईच्या पोटावर दोन पट्टे बांधतात. एका पट्ट्याखालचा सेन्सर अल्ट्रासाउंड लहरी सोडतो. बाळाच्या हलत्या हृदयावरून परत येताना त्या लहरींची वारंवारता किंचित बदलते. हाच डॉप्लर परिणाम. परतलेल्या सिग्नलमध्ये तोच नमुना किती वेळानं पुन्हा येतो हे शोधून मशीन मिनिटाचे ठोके काढतं. दुसरा सेन्सर पोट कडक झालेलं ओळखतो, म्हणजे कळ कधी आली आणि किती वेळ टिकली ते कळतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मशीन ठोके मोजतं, ऑक्सिजन नाही. बाळाला ऑक्सिजन कमी पडतोय का, हा ठोक्यांवरून बांधलेला अंदाज असतो.

आलेख कसा वाचतात?

- सरासरी ठोके: मिनिटाला ११० ते १६० नॉर्मल.
- चढउतार: रेष थोडी दातेरी हवी, साधारण ५ ते २५ ठोक्यांचा फरक. सर्व्हरच्या आलेखात आपल्याला सपाट रेष आवडते, इथे ती काळजीची. पण बाळ झोपलेलं असेल तरीही रेष काही वेळ सपाट दिसते.
- उसळी: ठोके थोडा वेळ वाढून खाली येणं. हे चांगलं लक्षण.
- घसरण: कळेबरोबर डोकं दाबलं गेल्यानं ठोके कमी होऊन लगेच सावरले, तर बहुतेकदा चिंता नसते. नाळ दाबली गेली तर घसरण अचानक होते. कळ ओसरल्यावरही ठोके उशिरा सावरत असतील आणि तसं वारंवार होत असेल, तर वारेतून ऑक्सिजन कमी मिळत असल्याची शंका येते.

कधी पट्टा सरकतो, कधी मशीन बाळाऐवजी आईचीच नाडी पकडतं. म्हणून आईची नाडीही तपासतात.

गडबड कुठे होते?

एक काल्पनिक हिशोब करू. समजा १००० प्रसूतींत ५ बाळं खरोखर धोक्यात आहेत आणि आलेख त्या पाचही पकडतो. पण उरलेल्या ९९५ पैकी १० टक्के बाळांच्या बाबतीतही तो चुकून इशारा देतो. म्हणजे जवळपास १०० खोटे अलार्म. एकूण १०५ इशाऱ्यांत खरे फक्त ५!

धोका मुळात दुर्मिळ असला की हे होणारच. माझ्या कामात खोट्या अलार्मची किंमत म्हणजे एका रात्रीची झोप. इथे किंमत म्हणजे पोटावरचे टाके आणि पुढच्या गरोदरपणातली जोखीम. पण खरा अलार्म सुटला तर किंमत म्हणजे बाळ. डॉक्टर कुठल्या बाजूला झुकणार, हे उघड आहे.

२०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १३ चाचण्यांतल्या ३७ हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती होती. ठरावीक वेळानं ठोके ऐकण्याच्या तुलनेत सतत सीटीजी लावल्यावर नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण साधारण निम्मं झालं. पण बाळांचे मृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी यांत स्पष्ट फरक दिसला नाही. सिझेरियन मात्र ६३ टक्क्यांनी जास्त झाली. म्हणूनच आई निरोगी असेल आणि कळा आपोआप सुरू झाल्या असतील, तर सतत सीटीजी लावू नये, ठोके ठरावीक वेळानं ऐकावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग आलेख कॉम्प्युटरनं वाचला तर?

माझ्याही डोक्यात पहिलं हेच आलं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ४६ हजारांहून जास्त स्त्रियांवर हा प्रयोग झाला, निकाल २०१७ मध्ये आला. सॉफ्टवेअरची मदत असो वा नसो, वाईट परिणामांचं प्रमाण दोन्हीकडे ०.७ टक्केच राहिलं.

मग पैशाचं काय?

संशय हवेतून येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियननं झाल्या, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. पण या सरासरीवरून कुठल्याही एका डॉक्टरचा हेतू सिद्ध होत नाही.

आपण काय विचारायचं?

हे प्रश्न शेवटच्या महिन्यांतल्या तपासणीतच विचारा, लेबर रूममध्ये नव्हे:

१. माझ्या बाबतीत सतत सीटीजी लागेल का? का?
२. आलेख शंकास्पद आला तर आधी काय करून बघाल? (कूस बदलणं, कळांचं औषध कमी किंवा बंद करणं, बाळाच्या डोक्याला बोटानं स्पर्श करून ठोके वाढतात का बघणं.)
३. कोणत्या परिस्थितीत अजिबात थांबणार नाही?

ठोके खूप खाली जाऊन वर येतच नसतील, तर मिनिटं मोलाची असतात. तेव्हा हा लेख दाखवून वाद घालू नका.

ताईला मी एवढंच सांगितलं: बाळ ठणठणीत निघालं म्हणजे निर्णय चुकला असं नाही, आणि बरोबर होता हेही त्यावरून ठरत नाही. तो कोड दुसऱ्यांदा रन करून बघता येत नाही.

आता ती पुन्हा गरोदर आहे आणि नॉर्मल डिलिव्हरीचा विचार करतेय. एका सिझेरियननंतर बऱ्याच जणींना ते शक्य असतं. गर्भाशयावरचा छेद कसा होता हे कळायला डॉक्टरांना जुनी कागदपत्रं लागतील, ती मी तिला शोधून ठेवायला सांगितली आहेत. आणि हो, या वेळी कळा सुरू झाल्या की सीटीजी सतत लागणार. जुनी शिवण उसवायला लागली तर पहिला इशारा बहुतेकदा बाळाच्या ठोक्यांतच दिसतो.